माझ्याकडं तर उघडतंय

आप्पा, माझे वडील, जिवंत असतानाच गावच्या ग्रुपवर त्यांना श्रद्धांजली वाहून झाली होती. कुणा नातेवाइकानं सोलापूरच्या दवाखान्यातला, नळ्या लावलेला त्यांचा फोटो टाकला आणि खाली 'लिंगैक्य' म्हणत हात जोडणाऱ्यांची रांग लागली. आम्हा लिंगायतांत माणूस गेला की लगेच माती देतात, म्हणून एक पाहुणा तर हार घेऊनच तामलवाडीला घरी हजर. आई त्याला दारातच म्हणाली, "आणलाच हाय तर तुमच्याच गळ्यात घाला."

त्या दिवसापासून आमच्या घरात व्हॉट्सॲप बंद. मी पुण्याच्या कंपनीचं काम घरून करते. जँगो नावाच्या सॉफ्टवेअरात वेबसाइट बनवणं हाच माझा धंदा. घरच्यांसाठी आप्पांच्या व्हिडिओची एक साइट मी आधीच केली होती, आत्या आणि काका तिच्यात लॉगिन करून बसले होते. आई म्हणाली, "समद्याला कुलूप लाव. एक फट ठिवू नको." एकेका पानाला लॉगिनचं कुलूप लावत बसायचा मला कंटाळा. सगळी पानं ज्या मूळ क्लासच्या, म्हणजे कोडमधल्या साच्याच्या, पोटी जन्मलेली, त्यालाच मी कुलूप लावलं. बापाचं आडनाव पोरांना लागतं तसं ते सगळ्या पानांना आपोआप लागलं. मी खूश.

दादा, माझा थोरला भाऊ, आप्पांचं न ऐकता मस्कतला गेलेला. तेव्हापासून बापलेकांत अबोला. आप्पा घरी आल्यावर एका दुपारी मला म्हणाले, "फोन धर." मी व्हिडिओ चालू केला आणि ते दादासाठी बोलले, "राग न्हाय रं माझा. एकदा येऊन जा." हे फोनवर मीच दादाला सांगते म्हटलं तर नको म्हणाले. "माझ्या तोंडानंच ऐकू दे त्येला."

मी व्हिडिओ चढवला, दादाला लॉगिन दिलं. त्याचा साधा मेसेज आला, "उघडत न्हाय." मी माझ्या फोनवर बघितलं, लगेच उघडलं. "माझ्याकडं तर उघडतंय, परत बघ." आमच्या धंद्यातलं हे सगळ्यात माजोरडं वाक्य, आणि ते मी सख्ख्या भावाला लिहिलं. त्यानं पुढं काही विचारलं नाही, त्यामुळं मी धरून चालले की जमलं असेल.

आप्पा रोज विचारायचे, "बघितलं का त्यानं?"

"बघितलं की, आप्पा."

मग ते दाराकडं तोंड करून पडून राहायचे. तसेच गेले.

दादा आला तेव्हा माती देऊन झाली होती. घर जरा रिकामं झाल्यावर त्यानं फोन माझ्यापुढं धरला. "ह्ये बघ. कवाच उघडलं न्हाय. मला वाटलं, आप्पांनीच मला भाईर ठिवायला सांगितलं."

मी लॅपटॉपवर खाजगी खिडकीत साइट उघडली, म्हणजे तिला मी अनोळखी. लॉगिनचं पानच लॉगिन मागत होतं आणि त्यासाठी परत स्वतःकडंच धाडत होतं. तेही त्याच मूळ क्लासचं लेकरू. कुलूप त्यालाही लागलेलं. आत्या-काका आधीपासून आत, मीही आत, म्हणून कुणाला पत्ता नाही. अडकला तो एकटा बाहेरून येणारा. त्या पानाच्या कोडमधला एक शब्द खोडला आणि पान उघडलं. थोबाडीत मारून घ्यावी असं वाटलं.

दादानं व्हिडिओ बघितला. परत बघितला. फोन मांडीवर ठेवला. मग म्हणाला, "म्या आलो न्हाय तवा काय म्हनले?"

आप्पा म्हणाले होते, "बघून बी आला न्हाय व्हय. बरं."

मी दादाला म्हटलं, "शेवटी त्यांना बोलताच येत नव्हतं रे."