नव्या नळीतला गंज

माझ्या नेमबाजीत आजवर फक्त एक कढीपत्ता दगावला आहे.

आमच्या सईला नवी एअर रायफल घेतली तेव्हाची गोष्ट. लेकीची रविवारी निवड चाचणी, आणि रायफल थेरगावच्या आमच्या फ्लॅटवर पोचली शुक्रवारी. जुनी क्लबला परत गेलेली, म्हणजे आता भिस्त हिच्यावरच. आमच्याकडे नवी वस्तू पूजेशिवाय वापरत नाहीत (मिक्सरलाही कुंकू लागलेलं आहे). मी रायफल कोपऱ्यात उभी केली, कुंकवात भिजवलेल्या अक्षता भक्तिभावाने वरून सोडल्या आणि जाहीर केलं, "नवी नळी आधी मुरवावी लागते. एक छर्रा मारायचा, चिंधी फिरवायची, पुन्हा छर्रा. मग नेम अचूक बसतो."

"मी करते ना, पप्पा."

"तू अभ्यास कर. चाकणच्या कंपनीत मी क्वालिटीत उगाच आहे काय?"

स्वयंपाकघरापासून गॅलरीपर्यंत बरोबर दहा मीटर भरतात. तिथे छर्रे अडवायची लोखंडी पेटी, तिच्यावर टार्गेट. पहिला छर्रा पेटीच्या कडेला लागला. दुसरा भिंतीत. तिसरा कुंडीत.

"अहो, नळी मुरेपर्यंत माझा कढीपत्ता राहील का?" बायकोने, म्हणजे वैशालीने विचारलं.

नेमाच्या नादात चिंधी राहूनच गेली होती (पद्धत माझीच!). ती दोरीला बांधून नळीतून ओढली, तर बाहेर आली लालभडक.

कोऱ्या नळीत गंज! म्हणूनच छर्रे भरकटत होते. दुकानदाराला लगेच फोन लावला, तोही स्पीकरवर.

"गंजलेला माल खपवता काय राव? आमच्या कंपनीत अख्खा लॉट परत गेला असता."

"साहेब, तपासून दिलीय हो. आणा, बदलून देतो. पण दुसरी यायला पंधरा दिवस लागतील."

सई आत निघून गेली. तिचं ते जाणं मला फार लागलं.

वैशालीने चिंधी उचलली, हुंगली, उलगडली. आत अर्धा लाल तांदूळ होता. तिने चिंधीवर बोट फिरवलं आणि माझ्या कपाळाला टेकवलं.

"गंज नाही, कुंकू आहे. अक्षता कुठे टाकल्या होत्या?"

फोन चालूच होता. "साहेब, मग रायफल आणताय ना?"

"नको, नको. उत्तम आहे माल," मी म्हणालो. इतकं सुटल्यासारखं मला कधीच वाटलं नव्हतं.

सईने नळी पुसली आणि एकेक छर्रा, एकेक चिंधी असं शिस्तीत सुरू केलं. थोड्या वेळाने टार्गेट माझ्या हातात दिलं. मधोमध एकच भोक.

"मग माझेच छर्रे का गं भरकटले?"

"नळी मुरली, पप्पा. तुम्ही अजून कोरे आहात."

कपाळाला कुंकू होतंच. वैशालीने उरलेल्या अक्षता आणून माझ्या डोक्यावर टाकल्या.