नामवॉनची घंटा आणि मालिनीबाईंचा झोका

शिकागोजवळच्या शॉमबर्गच्या मराठी मंडळात मालिनीबाई दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध होत्या: उकडीचे मोदक आणि बढाया. मोदक वर्षातून एकदाच मिळायचे.

नवरा दिगंबर इंजिनियर, पोरं कॉलेजात, म्हणून बाई एका ड्रायक्लीनिंगच्या दुकानात मागे बसून लोकांच्या पँटी आखूड करायच्या. दुकान ओकसूनचं. ही कोरियातल्या नामवॉन गावची, बाईंपेक्षा चार-पाच वर्षांनी लहान. दोघींचं इंग्रजी सारखंच मोडकं, त्यामुळे छान जमायचं. शिलाई मशीनच्या खडखडाटावर आवाज चढवून दोघी दिवसभर माहेर सांगायच्या.

ओकसूनचं माहेर म्हणजे चुन्ह्यांग. ही त्या गावच्या जुन्या गोष्टीतली मुलगी. झोका खेळताना एका अधिकाऱ्याच्या मुलानं तिला पाहिलं, दोघांनी गुपचूप लग्न केलं आणि तो राजधानीला निघून गेला. मग गावात नवा अधिकारी आला, म्हणाला, माझी हो. ही म्हणाली, मी लग्नाची बायको आहे. मारलं, कोठडीत घातलं, पण पोरगी हलली नाही. शेवटी नवरा भिकाऱ्याच्या वेषात परतला, तो निघाला राजाचा गुप्त तपासनीस, आणि त्यानं तिला सोडवलं. नामवॉनला दरसाल तिचा उत्सव होतो. शिकागोकडचे नामवॉनकर मे महिन्यात एका पार्कात आपला छोटा उत्सव करायचे. ओकच्या झाडाला झोका बांधायचा, बाईनं उभ्यानं तो चढवत न्यायचा आणि उंच टांगलेली घंटा पायानं वाजवायची.

"हे तर आमचं नागपंचमीचं," मालिनीबाई म्हणाल्या. "तासगावला मी झोक्यावर चढले की शेंड्याचं पान दातांत धरूनच खाली यायची."

शहाऐंशी साली उत्सव आठवड्यावर आला आणि ओकसूनचं मनगट मुरगळलं. दरवर्षी घंटा वाजवणारी तीच. नामवॉनकरांच्या मंडळाच्या अध्यक्षा मिसेस यांग म्हणाल्या, यंदा घंटा नुसती टांगू. ओकसूनला ते लागलं. तिनं थेट मालिनीबाईंचं नाव देऊन टाकलं.

"ओन्नी, तू वाजवायची," ती म्हणाली. ओन्नी म्हणजे ताई. "मी सगळ्यांना पानाचं सांगितलंय."

बाईंच्या हातातली सुई थांबली. लग्नानंतर त्या झोक्यावर बसल्यासुद्धा नव्हत्या, उभं राहणं तर लांबच. पण नाही म्हणावं तर ओकसूनचं नाक कापलं जातं, आणि आपली बढाई उघडी पडते.

घरी दिगंबर म्हणाला, "मालिनी, कॅन्सल कर. तू मॉलमध्ये एस्कलेटरवर चढायला घाबरतेस."

"अहो, एस्कलेटरला दोर असतात का?"

रविवारी बाई गणपतीची नऊवारी नेसून, कासोटा घट्ट मारून पार्कात हजर. दिगंबर लाज वाटत असल्यासारखा चार पावलं मागे, पण गळ्यात कॅमेरा. कोरियन म्हाताऱ्या साडीला हात लावून बघत होत्या. दोन कॉलेजकन्यका झोक्यावर चढून लाजतलाजत उतरल्या; घंटा कुठे, त्या कुठे.

मग मालिनीबाई. चपला काढल्या, फळीला नमस्कार केला, चढल्या. मनगटं दोरांना बांधायला मऊ कापडाचे पट्टे होते, ते बांधून झाले. लोकांनी टाळ्यांचा ठेका धरला. बाईंनी गुडघे वाकवले, सरळ केले. झोका थोडा हलला. पुन्हा वाकवले. झोका तेवढाच.

आणि बाईंना आठवलं. तासगावला त्या कधी एकट्या चढल्याच नव्हत्या. समोर तोंड करून चुलतबहीण नीला असायची. एकीनं वाकायचं, झोका परतला की दुसरीनं. तो जोर अर्धा नीलाचा होता, हे इतक्या वर्षांत बढाई मारताना एकदाही ध्यानात आलं नव्हतं.

"ओकसून," त्यांनी वरूनच हाक मारली, "मला अर्धाच झोका येतो. समोरून दुसरी लागते."

मिसेस यांग हसल्या. "दोघी चढल्या तर बक्षीस नाही मिळणार."

"ठेवा तुमचं बक्षीस," म्हणत ओकसून उठलीच. तिचा नवरा ओरडत राहिला, तिनं सुजलेलं मनगट पट्ट्यात घालून दोराला करकचून आवळून घेतलं आणि बाईंच्या पावलांच्या मधे पावलं रोवून उभी राहिली.

"वाक, ओन्नी."

बाई वाकल्या. मग ओकसून. मग बाई. तिसऱ्या-चौथ्या हेलकाव्याला ओकची फांदी करकरली, पदर फडफडायला लागला, खालच्या म्हाताऱ्या ताल धरून ओरडायला लागल्या. दिगंबर तर कॅमेरा विसरून झोक्याच्या मागेमागे धावत होता, "वाक मालिनी, आता ती, आता तू," असा, जणू मशीन त्यानंच डिझाइन केलं होतं. ओकसून दुखण्यानं कण्हत होती आणि हसत होती. आणखी वर. आणखी. बाईंनी डोळे गच्च मिटले, तोच वर कुठेतरी घंटा खणखणली.

बक्षिसाची तांदळाची गोणी एका कॉलेजकन्यकेला मिळाली. दोघींना त्याचं काही नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी दुकानात गिऱ्हाईक काउंटरवर ताटकळत उभं, आणि आतून भांडण ऐकू येत होतं.

"पाय माझा लागला."

"तुझा? ओन्नी, तुझे डोळे मिटलेले होते."

"डोळे मिटून पाय लांब करता येतो, बये."

"बरं, पुढच्या वर्षी डोळे उघड. मग ठरवू."

"त्याआधी तू ते मनगट डॉक्टरला दाखव," बाई म्हणाल्या आणि पर्स उचलून तिला दाराकडे ढकलत निघाल्या.