मोकळी मान

ऑफिसात तिला सगळे खोडरबर म्हणत. तोंडावर ताई, पाठीमागे खोडरबर. आणि ते तिला ठाऊक नव्हतं अशातला भाग नाही. अठरा वर्षं एका फोटो स्टुडिओत बसून तिने नवऱ्यामुलींच्या गालांवरचं पुरळ, नवरदेवांच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं आणि कितीतरी सासवांची जादाची हनुवटी पुसली होती. एका मामांना तर तिने चांगले दाट केस दिले होते. मामा खूश, मामी त्याहून खूश. हात असा सफाईचा, की काय पुसलंय ते पुसणारीलाही नंतर शोधून सापडू नये.

मग तो स्टुडिओ बंद पडला आणि ती या ऑफिसात आली. खाली चष्म्याचं दुकान, वर दोन खोल्या, त्यात पाच कॉम्प्युटर आणि एक कायम कुरकुरणारा पंखा. इथे प्राणी-पक्ष्यांची पुस्तकं, तक्ते आणि पोस्टरं निघत. वाघ-हरणं जुन्या लोकांनी आधीच वाटून घेतली होती. साप, सरडे, पाली कुणालाच नको होत्या, त्या आल्या हिच्या गळ्यात. "नवीन माणसाच्या नशिबी नेहमी उरलंसुरलंच," असं ती घरी आईला म्हणाली. आईने साप हा शब्द ऐकताच कानांवर हात ठेवले.

पहिल्याच आठवड्यात तिने शेण खाल्लं. एका सापाचा डोळा फोटोत निळसर, दुधी दिसत होता. तिला वाटलं, फ्लॅशचा दोष. तिने तो डोळा काळाभोर करून दिला, वर नवरीच्या डोळ्यात ठेवतात तसा उजेडाचा ठिपकाही ठेवला. फोटो काढणारा गृहस्थ तासन्‌तास चिखलात न हलता पडून राहायचा, म्हणून त्याला सगळे ओंडका म्हणत. ओंडक्याने तो फोटो पाहिला आणि शांतपणे विचारलं, "ताई, याचा मोतीबिंदू कुणी काढला?"

"म्हणजे?"

"कात टाकायच्या आधी सापाचा डोळा असाच होतो. तेवढ्यासाठी मी चार दिवस पडून होतो."

सगळं ऑफिस हसलं. हिला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच संध्याकाळी तिने एक शाळकरी वही आणली आणि पहिल्या पानावर ठसठशीत लिहिलं: 'पुसू नये'. पहिली नोंद दुधी डोळ्याची. मग पालीची नव्याने फुटलेली, रंग न जुळणारी शेपटी. घोरपडीच्या कानामागचे गोचीड. फोटोला हात लावण्याआधी ती ओंडक्याला फोन करून विचारायची, "हे बाहेरून लागलंय की त्याचं स्वतःचं आहे?" सहा वर्षांत वही भरत आली.

आणि मग ते पोस्टर आलं. दवाखान्यांच्या भिंतींवर लावायचं होतं, विषारी साप कोणते आणि बिनविषारी कोणते. मधोमध मण्यार. काळीकुळकुळीत, अंगावर बारीक पांढरे आडवे पट्टे; पण मानेकडे ते पट्टे नसतात, असले तर अगदी पुसट. तिच्यासारखाच दिसणारा कवड्या बिचारा बिनविषारी. त्याचे पट्टे मानेपासून ठळक सुरू होतात आणि शेपटीकडे विरत जातात. लांबून बघणाऱ्याला पटकन ओळखायची खूण काय ती एवढीच, वीतभर मानेची.

साहेब तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. "ही मान अशी ओकीबोकी का?"

"ती तशीच असते, साहेब."

"असू दे. शेपटीकडचे चार-सहा पट्टे उचला आणि मानेपर्यंत लावा. जरा भरल्यासारखं दिसू दे. खाली नाव लिहिलेलंच आहे. पोस्टर बघताना मान कोण बघत बसतंय?"

ती बोलली, दोनदा बोलली. पण साहेबांपुढे बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. या वयात नोकरी गेली तर दुसरी खुर्ची कोण देणार, हाही विचार मनात आलाच. पंधरा मिनिटांत तिने पट्टे लावले. जोड कुठे दिसत नव्हता. काम इतकं सुरेख झालं होतं की तिला क्षणभर बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली.

मन खात होतं म्हणून तिने तो फोटो घरी नेला. आई आता पूर्वीसारखी कानांवर हात ठेवत नसे. सहा वर्षांत पोरीच्या खांद्यावरून चोरून बघत बघत तिने सापांच्या दोन जाती पक्क्या केल्या होत्या, गरीब आणि वाईट. मात्र घरच्या कॉम्प्युटरच्या पडद्याला तिने कधी बोट लावलं नव्हतं. त्या संध्याकाळी ती भाजी निवडता निवडता उठली, चष्मा सारखा केला आणि पडद्यावरच्या मण्यारीच्या मानेवर सरळ बोट ठेवलं.

"हा गरीब," आई म्हणाली. "पट्टे मानेपासून आहेत. तूच सांगितलं होतंस."

आईचं बोट तिथेच होतं.

सकाळी ती साहेबांच्या टेबलापाशी जाऊन म्हणाली, "तो फोटो मी परत घेतेय."

"पोस्टर तयार आहे. अकराला डॉक्टरीणबाई येताहेत मंजुरीला. तुम्ही आत यायचं कारण नाही."

अकराला ती न विचारता आत गेली. डॉक्टरीणबाई म्हणजे सर्पदंशाचे रोगी बघण्यात केस पांढरे झालेली बाई. हिने पोस्टर समोर धरलं आणि खालच्या नावावर तळहात ठेवला. "हा कोणता, सांगाल?"

"कवड्या," डॉक्टरीणबाई सहज म्हणाल्या. "हा चावला तर रोग्याला धीर द्यायचा आणि घरी पाठवायचं."

"पाठवलंत तुम्ही त्याला घरी." तिने हात उचलला. "ही मण्यार आहे. मानेवरचे पट्टे मी लावलेत, कालच. हे बघून जो शिकेल त्याला मोकळ्या मानेची मण्यार गरीब वाटेल."

डॉक्टरीणबाईंनी डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला, नाव वाचलं, मान निरखली. मग साहेबांकडे पाहिलं.

त्या गेल्यावर साहेबांनी दार लावून घेतलं. "परक्या माणसासमोर माझा मान घालवलात. पोस्टरवर तुमचं नाव येणार नाही. सोमवारपासून साप बंद, फुलपाखरं करा."

"करते," ती म्हणाली. "तुमचा मान गेला, माझाही गेला, चालेल. तिची मान तेवढी जागेवर पाहिजे. आणि ती तशी छापली नाहीत, तर मी दर दवाखान्यात जाऊन भिंतीपाशी उभी राहून सांगेन. मला वेळ आहे."

सोमवारी तिने फुलपाखराचा पहिला फोटो उघडला, वहीचं शेवटचं पान काढलं आणि लिहिलं: 'फाटका पंख'.

दोन महिन्यांनी आईला गुडघे दाखवायला दवाखान्यात नेलं, तेव्हा बाकासमोरच्या भिंतीवर ते पोस्टर होतं. मान मोकळी. आईने बघितलं आणि पाय बाकाखाली ओढून घेतले. "ही वाईट," ती शेजारच्या बाईला म्हणाली. "मानेवर काही नाही ना, म्हणजे लांब राहायचं. हे माझ्या मुलीचं काम आहे."

शेजारीण वाकून बघायला लागली. "फोटो त्यांनी काढलाय?"

"नाही."

"मग रंगवलाय?"

"छे," आई म्हणाली. "रंगव म्हणून मागे लागले होते. तिने हात लावला नाही."