प्रणिताचं नाक

कोविड आठ दिवसांत गेला, पण जाताना प्रणिताचं नाक घेऊन गेला. दुसरी कुणी असती तर चाललं असतं. ही मात्र कापेल या डच शहराच्या सांडपाणी केंद्रावर टाकीपाशी उभी राहून, नुसत्या वासावरून पाण्याची प्रकृती सांगणारी बाई.

"तुझ्या कामाला तर बरंच की," नवरा अश्वजित म्हणाला, आणि तिनं बघितल्यावर चहाचं आधण ठेवायला उठला.

हाऊसआर्ट्सनं, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरनं, ठरलेलं सांगितलं: वाट बघा. वाट बघत बसणं हिच्या स्वभावात कुठलं? घरी स्वयंपाकघरात ती रोज सकाळी हिंग, लवंग आणि कॉफीच्या डब्या उघडून हुंगू लागली. महिनाभर काही नाही. मग सगळ्याचाच वास कुजका येऊ लागला, अगदी फोडणीचासुद्धा. तिनं डब्या सोडल्या नाहीत.

साहेबांचा निरोप आला, नाक परत येईपर्यंत ऑफिसातलं काम बघ. "नवी टाकी सुरू होईपर्यंत मी टाकीवरच," तिनं कळवलं. तिची दोन वर्षं त्या टाकीच्या कामात गेली होती. ती चालू झाली की जुनी कायमची बंद. मग चूक निघाली तर घाण थेट नदीत.

जुनी बंद करायच्या दिवशी सकाळी कॉफीला कॉफीचा वास आला. प्रणितानं डबी दोनदा हुंगली आणि सायकल काढली.

चाचणीसाठी भरून चालवलेल्या नव्या टाकीच्या कठड्यावरून चालताना कोपऱ्यात ती थबकली. सडक्या अंड्यांचा वास. तळातून सोडलेली हवा मिळाली नाही की घाण खाणारे जंतू मरतात आणि पाणी असं सडतं.

"वाउटर, इथं हवा पोचत नाहीये."

वाउटर तिथं तीस वर्षं काम केलेला जुना ऑपरेटर. कोविडच्या नियमाप्रमाणे दीड मीटरवरूनच म्हणाला, "स्क्रीनवर सगळं हिरवं आहे. आणि परवा तुला माझं सँडविचही कुजकं लागत होतं."

"त्यात चीज होतं. तुमच्या चीजचा वास मला आधीही तसाच यायचा."

तो हसला, पण हलला नाही. "मीटर खोटं बोलतो?"

"मीटर त्या टोकाला आहे. मी इथं आहे."

लांब दांड्याला बांधलेला डबा तिनं तळापर्यंत सोडला. वर आला तो काळाकुट्ट गाळ. तिनं डबा कठड्यावर ठेवला आणि दीड मीटर मागं सरली. वाउटर पुढं आला, मास्क खाली करून वाकला आणि घाईघाईनं मास्क वर ओढला.

मग त्यानं वॉकीटॉकी उचलला. "जुनी टाकी आज बंद करू नका." तिच्याकडे वळून म्हणाला, "किती दिवस सांगू?"

"तळातल्या हवेच्या नळ्या उघडून बघेपर्यंत," प्रणिता हातमोजे चढवत म्हणाली. "साहेबांना सांग, ऑफिसात दुसरं कुणी बसवा."