माधवची घोंगडी

भूतखेत, अंगात येणं, दृष्टान्त — यातलं मी कधी काही मानलं नाही. सोलापुरात गिरणीच्या कचेरीत हिशेबनीस आहे. ताळा जमला नाही, तर आपलीच बेरीज चुकली असं धरून पुन्हा करतो. ही एक बेरीज मात्र... असो. घडलं तसं लिहितो.

माझे थोरले बंधू अण्णा कादंबऱ्या लिहीत. ब्रह्मदेशातली जंगलं, आफ्रिकेतली वाळवंटं — सगळं दूरदेशीचं. स्वतः जवळच्या होटगीपलीकडे फारसे गेले नव्हते. त्यांचा एकुलता एक मुलगा माधव मोठ्या लढाईनंतर सर्व्हेवाल्यांबरोबर हिमालयात गेला. बाकीचे परतले, तो बर्फाच्या एका खिंडीत मागे राहिला, एवढंच कळलं. प्रेत मिळालं नाही. वहिनींनी त्याच्यासाठी घेतलेली घोंगडी त्यानं हसून घरीच ठेवली होती. ती पांघरूनच अण्णा लिहायला बसत, वैशाखातसुद्धा.

घोंगडी विकणारा मंगळवेढ्याचा धनगर म्हणायचा, "अण्णा, उन्हाळ्यात आमी मेंढरांचीबी लोकर कापतो, अन् तुमी ती पांघरता व्हय?"

प्रत्येक कादंबरीत कुणी तरी हरवलेल्या माणसाला शोधायला निघे आणि रिकाम्या हातानं परत येई. प्रकाशक वैतागले. "अण्णासाहेब, एकदा तरी सापडू द्या की! वाचक मला शिव्या घालतात."

"सापडला की लिहीन," अण्णा म्हणाले.

बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट पाहायची, मग पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, अशी रीत आहे. त्या वैशाखात बारा वर्षं भरली. भटजींनी दिवस काढून दिला.

"भावोजी, पुतळा जाळला की तो गेलाच," वहिनी म्हणाल्या. "मग मी वाट कुणाची बघू?"

"वहिनी, त्यालाही गती मिळायला हवी."

अण्णा एवढंच म्हणाले, "तोवर मला हे पुस्तक पुरं करू द्या. या खेपेला त्या खिंडीतच जातोय."

विधीच्या आदल्या दिवशी भर दुपारी जेवून अण्णा घोंगडी पांघरून माडीवरच्या पत्र्याच्या खोलीत गेले. झळा लागतात म्हणून आतून कडी लावली. मी बाहेरच पंख्यानं वारा घेत बसलो होतो. थोड्या वेळानं आतून आवाज आला — मोठा, आनंदाचा —

"अगं, दिसला गं!"

वहिनी पिठाच्या हातांनी धावत वर आल्या. हाका मारल्या. शेवटी दार फोडलं.

अण्णा मेजावर डोकं टेकून गेलेले होते. त्या भट्टीसारख्या खोलीत त्यांचे हात बर्फासारखे गार... आणि अंगावर घोंगडी नव्हती.

मी मेजाखाली पाहिलं, फडताळ उपसलं, पत्र्यावर माणूस चढवला. खिडकीच्या गजांतून घोंगडी जाणं शक्य नाही. दारापासून मी हललो नव्हतो.

वहिनी तेवढ्या शोधत नव्हत्या. अण्णांचे हात आपल्या हातांत धरून चोळत बसल्या होत्या.

"राहू द्या, भावोजी," त्या म्हणाल्या. "माधवला थंडी सोसत नाही. ह्यांनी नेऊन घातली असेल."

अण्णांचे दिवस झाल्यावर पुतळ्याचा विधी केला. वहिनींनी अडवलं नाही.

चोर धरून पाहिला, माझी डुलकी धरून पाहिली, उन्हाचा भ्रम धरून पाहिला. ताळा जमत नाही. पूर्वी थंडी पडली की वहिनी पांघरूण बाजूला सारून रात्रभर बसून राहायच्या. आता झोपतात.