हिरव्या माशीच्या पाठीवर

सूर्यभान आधी मानवतला फोटो स्टुडिओ चालवायचा. अख्ख्या बाजारपेठेचे फोटो त्यानं काढले, बायकोचा, सत्यशीलाचा, तेवढा राहून गेला. ‘उद्या काढू’ म्हणायचा. एकाहत्तर साली सत्यशीला कापसावर औषध फवारायला मजुरीनं गेली. विष अंगात भिनलं आणि दिवस मावळायच्या आत ती गेली. त्यानं स्टुडिओला कुलूप घातलं. दोन वर्षांनी परभणीच्या एका किड्यांच्या प्रयोगशाळेत तो फोटोग्राफर म्हणून लागला.

तिथले मुख्य माणिकरावसाहेब, त्यांनी त्याला तिळाएवढी मेलेली हिरवी माशी दिली. कापसावरच्या अळीला मारणारी. पुस्तिकेत छापायला तिचा फोटो हवा होता. सूर्यभाननं सूक्ष्मदर्शकावर कॅमेरा बसवला. माशीची पाठ घासलेल्या तांब्यासारखी चकाकायची. दिवा, खिडकी, सगळं तिच्यात उमटायचं. उजेड कमी, म्हणून एका फोटोला आठ सेकंद लागायचे. तेवढ्यात कुणी हललं तर फोटोत त्याच्या जागी नुसता धूर दिसायचा.

पहिला फोटो धुऊन त्यानं भिंग लावलं. पाठीवर खिडकीचा बारीक चौकोन होता. त्याच्या उजवीकडे डोक्यावर पदर घेतलेली बाई उभी होती. स्पष्ट. म्हणजे आठ सेकंद ती हललीच नव्हती. खोलीत तर तो एकटाच होता, तोही खुर्चीवर बसलेला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा काढला. पुन्हा तीच.

झाडलोट करणाऱ्या सरजाबाईला त्यानं खिडकीजवळ उभं केलं. “हलू नका जरा.”

“माझा कशाला फोटो काढायलाव?” ती हसली, पण उभी राहिली.

फोटोत सरजाबाई खिडकीच्या डावीकडे आली. उजवीकडची बाई होती तिथंच होती. त्या बाजूला खोलीत फक्त कपाट होतं.

सूर्यभानचं जेवण तुटलं. तो कपाटाकडे पाठ करून बसेना.

साहेब वैतागले. “अहो, माशी दिसायला पाहिजे, खोली नव्हे! ही चमक घालवा.”

त्यानं ट्रेसिंग पेपरची नळी करून माशीभोवती उभी केली. उजेड मऊ झाला, पाठीवरची सगळी प्रतिबिंबं गेली, पंखांच्या शिरासुद्धा मोजता येऊ लागल्या. साहेबांनी पाठ थोपटली. सूर्यभानला मात्र वाटलं, आपण कुणाच्या तरी तोंडावर दार लावलं.

रविवारी पहिला फोटो घेऊन तो एसटीनं मानवतला सासूकडे गेला. धुरपताबाईंनी भिंग धरून कितीतरी वेळ पाहिलं.

“जावईबापू, मला तर काईच दिसंना.”

“मामी, हितं बघा. पदर.”

“न्हाई दिसत.” त्यांनी फोटो त्याच्या हातात दिला आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग हळूच विचारलं, “ती काय बोलायलीय का तुमच्याशी?”

“न्हाई. नुसती उभी हाय.”

“मग तुमी तरी बोला की.”

सोमवारी त्यानं कागदाची नळी काढून ठेवली. शटर उघडलं आणि कपाटाकडे तोंड करून म्हणाला, “सत्यशीला, माझी चूक झाली.” आठ सेकंद संपले. शटर मिटलं.

धुतल्यावर फोटोत खिडकी होती, दिवा होता. उजवीकडे कपाट होतं. भिंग धरून तो दुपारभर बघत बसला. बोललो नसतो तर ती राहिली असती का, हा प्रश्न त्या दिवशी त्याच्या मागं लागला, तो लागलाच.