फाटकात धरलेला फोन

तुलकिन आमच्या इमारतीचं आवार झाडतो, हिवाळ्यात बर्फ उपसतो. उझबेकिस्तानातल्या नामांगनहून मॉस्कोत येऊन त्याला दहाएक वर्षं झाली असतील. बायको, मुली तिकडेच. मी याच इमारतीत आमच्या उझबेक कामगारांना रांधून घालते, म्हणून सगळ्यांची आपा. तुलकिनसारखा घुम्या माणूस मी पाहिला नाही. पुलावात मीठ नसलं तरी मेला बोलणार नाही.

मंगळवारी सकाळी त्याची आई गेली. दुपारी माती देणार होते. लगेच विमानात बसला असता तरी पोचला नसता, आणि एकदा सीमा ओलांडली की कागदांच्या भानगडीपायी त्याला पाच वर्षं मॉस्कोत परत येता आलं नसतं. मोठा भाऊ शोकिर फोनवर स्वच्छ म्हणाला, "येऊ नकोस. इथली चूल तुझ्यावर पेटते."

आमच्यात आई गेली की मुलांनी कमरेला फडकं बांधून फाटकात उभं राहायचं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकू जाईल असं रडायचं. जो रडला नाही त्याला गाव जन्मभर बोलतं. तुलकिनने कामाच्या नारिंगी जाकिटावरून माझा रुमाल बांधला आणि माझ्याच दारात उभा राहिला. आमची माणसं जिना चढून येत, त्याला मिठी मारत. तो नुसती मान हलवी.

"रड रे बाबा," मी म्हटलं. "असं कोंडून ठेवू नये."

"येत नाहीये, आपा."

"मग खोटं रड. कोण तपासतंय?"

"खोटंही येत नाहीये."

मला त्याचा राग आला. माझी आई गेली तेव्हा मीही इथेच भांडी घासत होते आणि मलाही काही वाटलं नव्हतं, म्हणून जास्तच आला.

तेवढ्यात शोकिरचा व्हिडिओ कॉल आला. फोन त्याने फाटकात आपल्या शेजारी, धाकट्या भावाच्या जागी धरला होता. जनाजा निघत होता. शोकिर हंबरडा फोडत होता. गावातली म्हातारी माणसं त्याला मिठी मारून फोनकडे वळत आणि थांबत. त्यांना ऐकायचं होतं.

तुलकिनने तोंड उघडलं. काही निघालं नाही. पुन्हा उघडलं.

"तुलकिन," शोकिर दबक्या आवाजात म्हणाला, "लोक थांबलेत रे."

मग शोकिरने तोंड फिरवलं. त्याचा शब्द न् शब्द आम्हाला स्पष्ट ऐकू येत होता.

"नेटवर्क नाहीये," तो लोकांना सांगत होता. "रडतोय तो तिकडे. खूप रडतोय. इथे ऐकू येत नाहीये, एवढंच."